लोटस इम्प्रॉव्ह खरंच 'काळाच्या पुढे' होतं का?

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर संशोधन-आराखडा लिहायला बसलं की एक वाक्य हटकून लेखणीत येतं: 'हे तंत्रज्ञान काळाच्या पुढे होतं, म्हणून टिकलं नाही.' वाचायला भारदस्त वाटतं, मार्गदर्शकही मान डोलावतात. पण जरा थांबून विचारा, या वाक्याने नेमकं काय सांगितलं? एखादी गोष्ट चालली नाही, हे आपल्याला माहीत होतंच. ती आज आपल्याला आवडते, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून मध्ये 'म्हणून' घातलं, इतकंच.

आज या वाक्याची झडती घ्यायची आहे, आणि त्यासाठी हाताशी घेतलंय लोटस इम्प्रॉव्ह. १९९१मध्ये आलेलं आणि १९९६मध्ये अधिकृतपणे बंद झालेलं एक स्प्रेडशीट. खरं तर १९९४नंतर त्याच्यावर फारसं कामही झालं नाही, म्हणजे आयुष्य जेमतेम तीन-चार वर्षांचं. संगणकाच्या इतिहासात रस असलेल्या मंडळींत याच्याबद्दल हळहळ फार. 'लोकांना कळलंच नाही हो' हा सूर. ही हळहळ कितपत खरी आहे ते बघू.

आधी वस्तू समजून घेऊ, कारण वस्तू न समजता तिच्या अपयशावर प्रबंध लिहिणारे काही कमी नाहीत.

१९७९मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू संगणकासाठी व्हिसीकॅल्क काढलं. ब्रिकलिन तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलचे विद्यार्थी होते. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात, ही डोकेदुखी त्यांना टाळायची होती. उत्तर म्हणून त्यांनी ओळी आणि रकाने असलेली जाळी दिली. प्रत्येक घराला पत्ता, बी२, सी७ असा. घरात आकडा टाका किंवा सूत्र टाका. १९८३मध्ये मिच कपोर आणि जोनाथन सॅक्स यांचं लोटस १-२-३ आलं, आयबीएम पीसीवर त्याने बाजार काबीज केला, आणि १९८५मध्ये लोटसने व्हिसीकॅल्कवाल्यांची कंपनीच विकत घेतली. पण घराचा पत्ता हीच सगळ्याची मेख, ही मूळ कल्पना बदलली नाही. आज तुम्ही एक्सेल उघडता तेव्हाही तीच जाळी समोर येते.

या जाळीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच जागी कोंबलेल्या असतात. आकडा, तो काढायचा नियम, आणि तो कागदावर कुठे दिसणार ती जागा. लोटसच्या प्रगत तंत्रज्ञान विभागात पिटो सालास यांनी १९८६च्या सुमारास हे काम हाती घेतलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या तीन गोष्टी सुट्या करता येतात. इम्प्रॉव्ह म्हणजे हीच फोड.

उदाहरणच घ्या. तीन वस्तू, चार तिमाही, दोन शहरं. प्रत्येकाची विक्री आणि खर्च आपल्याकडे आहे, नफा काढायचा आहे. नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये एका घरात '=बी२-बी३' लिहायचं आणि ते २३ वेळा ओढून-चिकटवून २४ घरं भरायची. त्यातल्या एखाद्या घरावर कुणी चुकून आकडा टाइप केला तर कुणाला पत्ता लागत नाही. इम्प्रॉव्हमध्ये खाली एक वेगळी पट्टी असे. तिथे एकच ओळ लिहायची: नफा = विक्री − खर्च. बस्स. ती सगळ्या वस्तूंना, सगळ्या तिमाहींना, दोन्ही शहरांना लागू. 'शहर', 'तिमाही', 'वस्तू' या वर्गवाऱ्यांच्या छोट्या टाइल्स पडद्यावर असत. माउसने टाइल ओढून आडवी-उभी केली की सगळा तक्ता फिरायचा. शहरं ओळींत होती ती रकान्यांत. सूत्राला धक्का नाही, कारण सूत्राला जागेशी घेणंदेणंच नाही.

यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि इम्प्रॉव्हचं कौतुक करणारे नेमका तोच वगळतात. समजा आपण आणखी दोन नियम घातले. 'नफ्याची टक्केवारी = नफा ÷ विक्री' आणि 'वर्ष = चारही तिमाहींची बेरीज'. आता 'वर्षाची टक्केवारी' या घरात कुठला नियम चालणार? बेरजेचा चालवला तर चार टक्केवाऱ्यांची बेरीज होईल, म्हणजे निव्वळ मूर्खपणा. भागाकाराचा चालवला तर उत्तर बरोबर. साध्या जाळीत हा प्रश्न समोर येतच नाही, कारण त्या घरात आपण हाताने योग्य ते सूत्र टाकून मोकळे होतो. नियम वर्गवाऱ्यांना लावले की दोन नियम एका घरावर भांडतात आणि कोण जिंकणार हे तुम्हाला सांगावं लागतं. म्हणजे सूत्र सोपं झालं, पण विचार अवघड झाला. की आधीपासून अवघडच होता आणि आता फक्त दिसायला लागला? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पण संध्याकाळी सहाच्या आत साहेबांना अहवाल द्यायचा असलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगून बघा.

आता इतिहास. स्टीव्ह जॉब्ज यांनी हे काम पाहिलं, त्यांना ते आवडलं, आणि लोटसने ते त्यांच्या नेक्स्ट संगणकासाठी करावं म्हणून त्यांनी जोर लावला. फेब्रुवारी १९९१मध्ये इम्प्रॉव्ह नेक्स्टवर आलं. आर्थिक क्षेत्रातल्या, गुंतागुंतीची गणितं करणाऱ्या लोकांत ते आवडीने वापरलं गेलं. पण नेक्स्टची यंत्रं मुळात विकली गेली सुमारे ५०,००० आणि १९९३च्या सुरुवातीला नेक्स्टने यंत्रं बनवणंच बंद केलं. त्याच वर्षी इम्प्रॉव्ह विंडोजवर आलं. तिथे ते चाललं नाही. १९९५मध्ये आयबीएमने लोटस विकत घेतली, पुढच्या वर्षी इम्प्रॉव्हची अधिकृत अखेर.

ते का चाललं नाही, याची कारणं साधारण तीन सांगितली जातात. पहिलं, चुकीच्या यंत्रावर आलं. हे अर्धसत्य आहे. नेक्स्टवर गिऱ्हाईक कमी होतं हे खरं, पण विंडोजवर गिऱ्हाईक भरपूर असूनही ते पडलं, त्यामुळे हे कारण १९९३पाशी संपतं. दुसरं, मायक्रोसॉफ्टने चिरडलं. इथेही जरा दमाने घ्यायला हवं. विंडोजवर इम्प्रॉव्ह विकणारी लोटस त्याच वर्षी विंडोजसाठी १-२-३ची नवी आवृत्तीही विकत होती. घरातच दोन सुना, आणि कमावती थोरली. दुकानात आलेल्या माणसाला 'हे घ्या की ते घ्या' याचं सरळ उत्तर कंपनीलाच देता येत नव्हतं. खलनायक बाहेर शोधण्याआधी घरात डोकवावं.

तिसरं कारण सगळ्यात रंजक, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवतो.

जोएल स्पोल्स्की हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल गटात होते. त्यांनी २०१२मध्ये एका लेखात सांगितलं की एक्सेल ५ची आखणी चालू असताना त्यांच्या गटातले लोक गिऱ्हाइकांकडे जाऊन ते एक्सेल कसं वापरतात ते बघून आले. दिसलं असं की बहुतेक लोक गणित करतच नव्हते, याद्या करत होते. आणि त्यावरून त्यांचा निष्कर्ष: इम्प्रॉव्ह पडलं ते यामुळे. गणिताला उत्तम, यादीला बेकार.

हे वाचल्यावर पटकन पटतं. तुमच्या लॅपटॉपवरच्या शेवटच्या दहा एक्सेल फाइली आठवा. मुलाखतीसाठी भेटायच्या लोकांची यादी, वाचायच्या लेखांची यादी, भाचीच्या लग्नात कुणाला आमंत्रण गेलं त्याची यादी. सूत्र कितींमध्ये आहे? पण पटलं म्हणून पुरावा झाला असं नाही. ही साक्ष कोणाची, केव्हाची आणि कशासाठीची, हे विचारायला हवं. साक्ष जिंकलेल्या बाजूची आहे. घटनेनंतर जवळपास वीस वर्षांनी लिहिलेली आहे. ज्या लेखात ती येते तो लेख त्यांच्या कंपनीच्या ट्रेलो या नव्या उत्पादनाबद्दल आहे, आणि ट्रेलो म्हणजे शेवटी याद्याच. शिवाय ज्यांना भेटले ते एक्सेल वापरणारे. यादीला सोयीचं साधन निवडणारी माणसं याद्या करताना सापडली, यात नवल काय! इम्प्रॉव्ह घेऊन परत सोडून दिलेला एखादा माणूस काय म्हणतो, ते या साक्षीत कुठेच नाही. स्पोल्स्की खोटं बोलतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांचं निरीक्षण मोलाचं आहे. पण 'एक्सेलचे वापरकर्ते याद्या करत होते' यापासून 'इम्प्रॉव्ह त्यामुळे पडलं' इथपर्यंत जी उडी आहे, ती संशोधकाने पूल बांधल्याशिवाय मारू नये.

पुलाचा थोडा भाग बॉनी नार्डी आणि जेम्स मिलर यांच्या कामात सापडतो. त्यांनी साधारण त्याच काळात स्प्रेडशीट वापरणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या प्रत्यक्ष शीट पाहिल्या. तोवर स्प्रेडशीट म्हणजे एकट्या माणसाचं साधन असाच समज होता. त्यांना दिसलं की एक शीट बऱ्याचदा अनेक हातांची असते. विषय जाणणारा एक, सूत्रांत तरबेज दुसरा, आणि चुका पकडणारा तिसराच. शीट ही त्यांच्या बोलण्याची जागा. हे ध्यानात घेतलं की जाळीच्या घरांचे पत्ते वेगळेच दिसतात. 'अगं, सी सेव्हनमध्ये काय टाकलंयस ते बघ' हे वाक्य फोनवर बोलता येतं, पत्ता दोघींनाही दिसतो. टाइल फिरवली की तोच आकडा दुसरीकडे जातो, अशा शीटवर बोट ठेवणं कठीण. हा माझा अंदाज आहे, नार्डी-मिलर यांनी इम्प्रॉव्हबद्दल हे म्हटलेलं नाही. पण असा अंदाज तपासता येतो, 'काळाच्या पुढे' तपासता येत नाही.

आणखी एक गोष्ट. इम्प्रॉव्हमध्ये काम सुरू करायचं तर आधी नावं ठेवावी लागतात. वर्गवाऱ्या कुठल्या, त्यांत काय काय येणार. बाळ जन्मायच्या आधी बारसं. ज्याचा व्यवहार ठरलेला आहे, तिमाही चारच आणि शहरं दोनच, त्याला हे वरदान. पण नुकतंच फील्डवर्क करून आलेल्या विद्यार्थ्याला विचारा. पहिले पंधरा दिवस आपल्या माहितीत वर्गवाऱ्या कुठल्या हेच कळत नसतं. आपण जाळीत भराभर टाकत जातो, एखाद्या घरात चक्क 'याला परत विचारणे' असं लिहितो, बाजूच्या घराला पिवळा रंग देतो, आणि महिन्याभराने त्या पसाऱ्यातून वर्गवारी वर येते. जाळीचा गबाळेपणा हा अशा वेळी दोष राहत नाही, तीच तिची सोय होते. इम्प्रॉव्हच्या चाहत्यांनी हा भाग गंभीरपणे घेतलेला नाही, असं मला वाटतं. ते नेहमी पूर्ण झालेल्या मांडणीबद्दल बोलतात.

याच्या उलट बाजूचं उदाहरण देतो, नाहीतर मी जाळीची वकिली करतोय असं वाटेल.

२०१०मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यावरचा निबंध आला. कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ त्यात उणे ०.१ टक्के निघाली होती. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्यांनी या निबंधाचा भरपूर आधार घेतला. २०१३मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट आवारातला पीएचडीचा विद्यार्थी थॉमस हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी मूळ एक्सेल फाइल मिळवून तपासली. सरासरीचं सूत्र ४९व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं ते ४४व्या ओळीपाशीच थांबलेलं. वर्णक्रमाने पहिले पाच देश सुटले: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. सगळं दुरुस्त केल्यावर सरासरी आली २.२ टक्के.

इम्प्रॉव्हचे चाहते इथे टाळ्या पिटतात. बघा, 'सगळ्या देशांची सरासरी' असा नावाने नियम असता तर पाच देश सुटलेच नसते! बरोबर आहे. ओढण्यात चुकणं हा आजार पत्त्यांच्या जाळीचाच. पण हर्नडन यांचा निबंध नीट वाचला तर दिसतं की उणे ०.१पासून २.२पर्यंतच्या अंतरात या ओढण्याच्या चुकीचा वाटा फक्त ०.३ टक्के-बिंदूंचा आहे. बाकी मोठा भाग दोन निर्णयांचा. काही देशांची युद्धानंतरची काही वर्षं हिशेबात घेतली नव्हती. आणि प्रत्येक देशाला सारखं वजन दिलं होतं, त्यामुळे न्यूझीलंडचं १९५१ हे एकटं वर्ष आणि ब्रिटनची १९ वर्षं एकाच तराजूत समान ठरली. हे दोन्ही निर्णय इम्प्रॉव्हमध्येही अगदी स्वच्छ, सुवाच्य नावांनी घेता आले असते. फायदा झालाच असता तर तो वेगळा: नियम एका ओळीत उघडा दिसत असता, तर वाचणाऱ्याने 'वजन असं का?' हे आधी विचारलं असतं, कदाचित. या 'कदाचित'वर एखादा चांगला प्रबंध होऊ शकतो.

आता 'इम्प्रॉव्ह मेलं पण कल्पना जगली' या दुसऱ्या लाडक्या वाक्याकडे. इथे दाखला दिला जातो पिव्होट टेबलचा, आणि सालास यांना त्याचं श्रेय आवर्जून मिळतं. १९९३च्या एक्सेल ५मध्ये पिव्होट टेबल आलं, हे खरं. वर्गवाऱ्या ओढून तक्ता फिरवायचा, हेही इम्प्रॉव्हसारखंच. पण काय घेतलं आणि काय सोडलं ते बघा. फिरवणं घेतलं. नावांनी लिहिलेले नियम, म्हणजे सालास यांच्या फोडीचा निम्माअधिक जीव, मागे ठेवला. आणि पिव्होट टेबल चालतं कशावर? एक लांबलचक यादी तुम्ही आधी जाळीत भरलेली असते, तिच्यावर. म्हणजे आधी गबाळी यादी, मग पाहिजे तेव्हा मांडणी. बारसं नंतर. स्पोल्स्की यांचं निरीक्षण इथे जास्त चपखल बसतं असं मला वाटतं: याद्या करणाऱ्या माणसाला त्याच्या यादीच्या जागी उभं राहूनच इम्प्रॉव्हचा एक तुकडा मिळाला. नियमांची बाजू पुढे नेली ती क्वांट्रिक्ससारख्या प्रोग्रामांनी, आर्थिक प्रारूपं बांधणाऱ्या छोट्या वर्तुळात, आणि तिथे ती अजून आहे. मग इम्प्रॉव्ह यशस्वी की अयशस्वी? कुणासाठी, हे सांगितल्याशिवाय प्रश्नाला अर्थ नाही.

ज्यांनी नेट-सेटसाठी तंत्रज्ञानाचं समाजशास्त्र वाचलंय त्यांना पिंच आणि बायकर यांचा १९८४चा निबंध आठवेल. त्यांचा आग्रह असा की यश आणि अपयश दोन्हींचं स्पष्टीकरण एकाच जातीच्या कारणांनी करा. एक्सेल जिंकलं ते 'चांगलं होतं म्हणून' आणि इम्प्रॉव्ह हरलं ते 'लोक अडाणी होते म्हणून', असं चालणार नाही. याच्या बरोब्बर विरुद्ध टोकाला लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांचं १९९९चं पुस्तक आहे. मासिकांतली परीक्षणं आणि बाजारातला वाटा जुळवून त्यांनी दाखवलं की स्प्रेडशीटच्या बाजारात जास्त चांगलं ठरलेलंच उत्पादन पुढे गेलं. एक्सेल विरुद्ध १-२-३ या झुंजीपुरतं ते बऱ्यापैकी पटतं. पण परीक्षणांच्या गुणांकनात सगळे स्पर्धक एकच पेपर लिहितायत असं गृहीत असतं. इम्प्रॉव्ह वेगळाच पेपर लिहीत होतं, त्याचे गुण त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात टाकणार?

कुणाला यावर काम करायचं असेल तर साधनं आहेत. १९९१ ते १९९३ची संगणक मासिकं स्कॅन केलेली मिळतात. परीक्षणांपेक्षा जाहिराती आणि वाचकांची पत्रं आधी बघा, लोटस हे प्रोग्राम कुणाला विकू पाहत होती ते तिथे कळेल. इम्प्रॉव्ह प्रत्यक्ष चालवूनही बघता येतं, नेक्स्टचं एम्युलेटर उपलब्ध आहे. आणि चालवाल तेव्हा एक करा. इंटरनेटवर याची जी जुनी प्रात्यक्षिकं आहेत त्यांत वर्गवाऱ्या पहिल्या मिनिटापासून छान तयार असतात, विक्री, खर्च, नफा, सगळं जागच्या जागी. त्या बाजूला ठेवा. स्वतःच्या फील्डवर्कची वही घ्या, कोरी शीट उघडा, आणि पहिला तासभर काय होतं ते लिहून काढा. त्या पहिल्या तासाची नोंद मला अजून कुठल्याही प्रात्यक्षिकात दिसलेली नाही.